भिंतीवर चढलेला हात

१२ जानेवारी, रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ: सरोजिनी नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर. हजर: मी, माझा उजवा खांदा (नाइलाजाने), नवरा श्रीकांत, सासूबाई आणि फिजिओथेरपिस्ट बलजीतदीदी.

वरच्या फळीवरचा डबा काढताना मी स्टुलासकट खाली आले होते. हाड जुळलं, पण महिनाभर हात गळ्यातल्या झोळीत राहून खांदा आखडला. हात कानापर्यंतही जाईना! रोज माझा अंबाडा श्रीकांत घालायचा, फाइलला लाल फीत बांधावी तसा. रथसप्तमीला घरी हळदीकुंकू. चाळीस बायका त्या फितीकडे बघणार! तोवर हात मानेमागे जायलाच हवा होता.

दीदींनी सांगितलं होतं: आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेक, मग बोटांनी मुंगीसारखं भिंतीवर चढायचं. मी लगेच पेन्सिलीने खुणा सुरू केल्या, तारखेसह. दोन आठवड्यांत बोटं कॅलेंडरच्या खिळ्यापाशी!

ती भिंत मी दीदींना ऐटीत दाखवली.

"वाह भाभीजी! अब करके दिखाइए."

केलं. श्रीकांतने टाळ्याही वाजवल्या. दीदी मात्र खाली बघत होत्या.

"भाभीजी, हाथ तो वहीं है. एड़ियाँ ऊपर गई हैं!"

"मला रोज दिसायचं," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तोच व्यायाम!"

(दोन आठवडे मी टाचांची प्रगती नोंदवत होते. तारखेसह!)

दीदी हसल्या नाहीत. मला खुर्चीत बसवून त्यांनी खांदा शेकला, एका हाताने खांद्याचं हाड धरलं आणि दुसऱ्याने माझा हात सावकाश उचलत विचारलं, "तिलगुल में गुड़ कितना?"

मी कृती सांगू लागले. कुठे दुखणार हे त्यांच्या बोटांना माझ्याआधी कळायचं. तिथे त्या थांबायच्या, मग केसभर पुढे. पाक गोळीबंद होईपर्यंत हात कानाच्या वर!

"बाई आहे की जादूगार!" सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली.

दीदी रोज आल्या. रथसप्तमीला हात मानेमागे पोचला आणि अंबाडा मी, माझ्या हाताने, घातला. आरशासमोर डोळे भरून आले.

पहिल्याच काकू दारात थबकल्या. "अगं, आज घाई झाली का? एरवी किती छान असतो तुझा अंबाडा!"

मागून श्रीकांत खाकरला.

माझ्या यादीत एक काम अजून बाकी आहे: श्रीकांतकडून अंबाडा शिकणे.