सईचे आजोबा आणि आमची मापं

सईच्या आजोबांइतका चिकट, शंकेखोर आणि वर पुन्हा इतका सज्जन माणूस साऱ्या ग्वाल्हेरात दुसरा नसेल. नुसते चिकट असते तर मी त्यांना टाळलं असतं, नुसते शंकेखोर असते तर सरळ भांडले असते. पण सज्जन माणसाशी धड भांडताही येत नाही. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी त्यांच्यावर मनातल्या मनातच चिडत आले आहे.

आमचं काम म्हटलं तर साधं. फूलबागेजवळच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. शहरातल्या काही मुलांची नावं आम्ही त्यांच्या जन्माच्या वेळीच नोंदवून घेतली. ती अठरा वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी त्यांना बोलवायचं, उंची-वजन घ्यायचं, डोळे-दात तपासायचे, काय खाता, किती झोपता ते विचारायचं, वर्षातून एकदा थोडं रक्त घ्यायचं. आपल्या भागातली मुलं कशी वाढतात, कशामुळे आजारी पडतात, हे त्यातून हळूहळू उलगडत जातं. अशा अभ्यासाचा जीव एकाच गोष्टीत असतो: मूल पुन्हा आलं पाहिजे. ते यावं म्हणून फोन करणं, आयांची मनधरणी करणं, रुसलेल्या बापांना समजावणं आणि मापं कॉम्प्युटरवर चढवणं, ही माझी नोकरी.

सईचे आजोबा शिंदे की छावनी या मोहल्ल्यात शिवणकाम करतात. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आले, पुढच्या पिढ्यांनी तलवार ठेवून कात्री घेतली. पण बोलण्यातला हल्ल्याचा पवित्रा मात्र तसाच राहिला. निम्म्या छावनीच्या शाळेचे गणवेश त्यांच्या हातचे. टेप गळ्यात असल्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. लग्नातसुद्धा कोटावर टेप. सईचे आईवडील दोघंही दिवसभर कामावर, म्हणून तिला आमच्याकडे आणायचं काम आजोबांचं. ते ठरल्या वेळेच्या तासभर आधी येत आणि तो तास माझ्या समोरच्या खुर्चीत घालवत. संमतिपत्र म्हणजे सगळे जिथे मुकाट सही करतात तो कागद. आजोबा तो मोठ्याने वाचत आणि दर ओळीला थांबत. "ताई, ‘नमुने भविष्यात वापरले जाऊ शकतात’ असं लिहिलंय. मतलब कोण वापरणार? कशाला? हे तर बिलकुल कच्च्या टाक्यासारखं आहे, ओढलं की उसवेल." मी उत्तर दिलं की ते खाकी कागदाच्या कपट्यावर लिहून घेत, आणि सहा महिन्यांनी तोच कपटा काढून विचारत, "मागच्या वेळी तुम्ही जरा वेगळं म्हणाला होतात." आमच्या डॉक्टरीणबाईंना तर त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की तुमच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे. बाईंनी तो कोट पुन्हा घातला नाही.

सई दहाएक वर्षांची असतानाची गोष्ट. तिची उंची घेतली, मी आकडा चढवला, आणि आजोबा म्हणाले, "गलत आहे."

"काका, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

"मशीन कुठंय? भिंतीवर पट्टी आहे. परवाच मी हिच्या स्कर्टची दुमड सोडली दीड बोट. पोरगी वाढते आहे, आणि तुमच्याकडे ती घटली?"

मी समजावलं, मग आवाज चढवला, मग पाणी प्यायले. ते मात्र गुडघे टेकून जमिनीपासून पट्टीपर्यंत टेप लावत होते. बाहेर रांगेतल्या आया दारातून डोकावून बघत होत्या. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनीही मोजलं, आणि आजोबांचंच बरोबर निघालं. दिवाळीनंतर आम्ही जमिनीवरच्या जुन्या जाड फरश्या उखडून काढल्या होत्या. पट्टी मात्र होती तिथेच होती. तेव्हापासून आलेलं प्रत्येक मूल फरशीच्या जाडीइतकं खुजं नोंदलं गेलं होतं. त्या सगळ्यांना पुन्हा बोलवायला मला तीन आठवडे लागले. दर फोनला मला आजोबांची आठवण येई, आणि ती चांगल्या शब्दांत येत नसे.

डॉक्टरीणबाई मात्र खूश. त्याच सुमारास, कुटुंबांकडून नुसती माहिती घेऊ नका, त्यांना अभ्यासात भागीदार करा, अशी सूचना वरून आली होती, आणि पालकांचं एक मंडळ नेमायचं होतं. मी मनात काही शांत, मान डोलावणारी नावं धरून ठेवली होती. बाईंनी पहिलं नाव सईच्या आजोबांचं लिहिलं.

पुढची तीन वर्षं मंडळाची एकही बैठक वेळेवर संपली नाही. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "आमच्या धंद्यात माप घेतलं की ट्रायल द्यावी लागते. तुम्ही जन्मापासून मापं घेताय, आम्हाला एकदाही ट्रायल नाही. काय शिवताय ते तर दाखवा!" तेव्हापासून दर वर्षी पालकांना बोलावून अभ्यासात काय दिसलं ते साध्या भाषेत सांगायचं ठरलं. साध्या भाषेत म्हणजे त्यांना कळेल अशा. माझा मजकूर ते चार-चार वेळा परत पाठवत. सकाळी सातला फोन येई, "ताई, ‘पोषणस्थिती’ काढा. ‘अंगाला लागतंय की नाही’ लिहा." मी चरफडत लिहीत असे. आणि पालक ते खरोखर वाचत, हे मला कबूल करावं लागे, म्हणून आणखीच चरफडे.

मग मुलं तेरा-चौदाची झाली आणि येईनाशी झाली. आधी एक-दोन, मग घोळकेच्या घोळके. आया फोनवर म्हणत, "ती ऐकतच नाही हो." शेवटी सईही आली नाही. आजोबा एकटेच आले, खुर्चीत बसले, आणि नेहमीसारखा कपटा न काढता म्हणाले, "ती म्हणते, नाही जाणार. का, ते सांगत नाही."

इतक्या वर्षांचं काम माझ्या डोळ्यांसमोर विरत चाललं होतं. मंडळाच्या बैठकीत कोणी म्हणालं बक्षीस द्या, कोणी म्हणालं शाळेतून दटावा. आजोबांनी टेबलावर हात आपटला. "अरे, पोरांना तर विचारा! आपणच बोलतोय केव्हाचे!" हे खरं होतं, आणि त्यातलं निम्मं बोलणं त्यांचंच होतं, हेही खरं होतं.

रविवारी दहा-बारा मुलं जमली. सई पण आली, केवळ चर्चाच आहे, वजनकाटा नाही, या अटीवर. आजोबा मंडळाचे सदस्य म्हणून पहिल्या खुर्चीत बसले आणि प्रस्तावना करू लागले. सईने दोन वाक्यं ऐकली.

"आजोबा, तुम्ही बाहेर बसा ना. प्लीज."

"मी? मी तर तुमच्याच बाजूने—"

"हो, पण बाहेर."

ते उठले. दार मी लावून घेतलं. पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना बाहेर काढलं, याचा मला झालेला आनंद जेमतेम पाच मिनिटं टिकला.

कारण मुलं बोलायला लागली. एक मुलगा म्हणाला, काय खातोस ते मला विचारता आणि उत्तर मम्मी देते. एक मुलगी म्हणाली, रक्ताचं काय होतं ते आम्हाला कोणी सांगतच नाही, घरच्यांना सांगता. मग सई बोलली, खाली बघत. "इथे सिस्टर वजन करतात आणि तिकडून ओरडून ताईंना सांगतात. सगळी लाइन ऐकते. फिर स्कूल में सब वही बोलते हैं." मग म्हणाली, "घरी पण तेच. दुकानात आजोबा माप घेतात, आजी लांब बसून वहीत लिहिते, तिला कमी ऐकू येतं. माझ्या क्लासची मुलं उभी होती, और आजोबा ज़ोर से बोले, कमर इतकी. दोनदा बोलले."

सिस्टर ओरडत कारण मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसत असे. "मोठ्याने सांगा हो!" हे वाक्य माझं होतं. तेरा वर्षांत ते मी किती वेळा म्हटलं असेन, कोण जाणे.

मी सईला विचारलं, हे मंडळात वाचू का? ती म्हणाली, "वाचा. नाव नका लिहू." नाव लिहिलं नाही, पण शिंप्याचं दुकान आणि बहिरी आजी म्हटल्यावर लपणार काय होतं? मी ते दोन तपशील गाळते म्हणाले, तर तीच म्हणाली, "रहने दो. त्यांना कळू दे."

बैठकीत मी ते वाचलं. वाचताना मला आजोबांकडे बघवेना. बैठक त्या दिवशी वेळेवर संपली आणि मला ते अजिबात आवडलं नाही. जिन्यात ते मला म्हणाले, "ताई, पन्नास वर्षं मी असंच ओरडतोय. कुणी बोललं नाही." मग कठड्याला धरून एक-एक पायरी उतरत गेले.

त्यानंतर आमच्या काट्याभोवती पडदा आला. तो त्यांनीच शिवून आणला, आणि दाराशी ठेवून गेले. आता मुलं स्वतः आकडा वाचतात, स्वतः चिठ्ठीवर लिहितात. प्रश्नावली त्यांच्याच हातात असते आणि आया बाहेर बसतात. रक्ताचं काय होतं ते डॉक्टरीणबाई मुलांना समोर बसवून सांगतात. सगळी परतली नाहीत; बरीच परतली. मंडळात मुलांनाही घ्यायचं ठरलं, तेव्हा एका घरातून एकच माणूस असा नियम निघाला. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. खाकी कागदावर एकच ओळ होती: माझ्या जागी सईला घ्यावं, तिला विचारून.

बैठका आता आटोपशीर होतात. सकाळी सातला फोन वाजत नाही, आणि मी सात वाजता उगाच फोनकडे बघते, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

परवा सई बैठकीला आली तेव्हा आजोबा खाली इमारतीच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. मी उतरून गेले. "काका, वर चला. पाहुणे म्हणून तरी."

"नको. तिने बोलावलं तर येईन." मग म्हणाले, "ताई, पोरगी किती वाढली ते मला टेपवरून कळायचं. आता ती सांगेल तेव्हाच कळणार. हे तर कठीण काम आहे."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. तेवढ्यात सई खाली आली, मला हात केला, आणि दोघं रस्त्याला लागले. ती भराभर काहीतरी सांगत होती, निम्मं हिंदीत, हातवारे करून. बाजूने टेम्पो जात होते, त्यामुळे आजोबा तिच्याकडे वाकून चालले होते. ते वळणावर पोहोचेपर्यंत मी बघत होते. त्यांनी तिला मध्ये एकदाही थांबवलं नाही.