मागच्या सीटवर

चेनच्या तेलाचा वास आला की मदन महल भागातल्या आमच्या जुन्या घराचं अंगण आठवतं. अपघातात दादाचा पाय अधू झाल्यावर त्याची सेकंडहँड स्पोर्ट्स बाईक बाबांनी विकायला काढली होती. "साडेसहाशे सीसी, क्लच न दाबता गिअर पडतो," ते गिऱ्हाइकाला सांगत होते. "मग काहून विकून राहिले, काकाजी?" "चालवणारा कच्चा निघाला," बाबा दादासमोरच म्हणाले. गिऱ्हाईक गाडी घेऊन पळू नये म्हणून ट्रायलला मागे घरचं माणूस बसवतात. बाबांनी दादाची कुबडी काढून घेतली आणि त्यालाच बसवलं. "चलो, जोरात न्या." परतल्यावर दादाची बोटं त्या माणसाच्या शर्टातून सुटत नव्हती; बाबा टायर तपासत होते. आता थकलेल्या बाबांना मी स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेते. ते माझा खांदा घट्ट धरतात, आणि मी वेग कमी करत नाही.