उजव्या हातावरचं दही

आमच्या घराण्यात मैदानातून बाहेर काढला गेलेला मी पहिला माणूस. त्यातही विशेष म्हणजे मी खेळत नव्हतो.

खेळत होती माझी मुलगी ईरा. वय वर्षं चौदा, जन्म इथलाच, जर्मनीतल्या नेकारसुल्मचा. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. (आजीशी मात्र मराठीत बोलते. आजीने पुण्याहून आल्याच्या पहिल्या दिवशीच जाहीर केलं होतं की जर्मनमध्ये मागितलेली पोळी तिला ऐकू येत नाही.) आणि ही मुलगी खेळते काय, तर बेसबॉल! खरं तर मी तिला क्रिकेटला घालायला निघालो होतो. क्रिकेटचा क्लब निघाला दीड तासावर आणि बेसबॉलचं मैदान आमच्या घरामागे, नदीकाठी. म्हटलं, बॅट आहे, बॉल आहे, बाकीचं आपण घरी शिकवू. तेव्हापासून मी बाकीचं शिकवतोय आणि ती ते विसरण्यासाठी कष्ट घेतेय.

ईरा पिचर आहे. पिचर म्हणजे आपला बॉलर, फक्त टप्पा न टाकणारा. टीमला असे तीन-चार पिचर असतात, पण त्यातला एक खास शेवटासाठी राखून ठेवतात. मॅच हातात आहे, आघाडी थोडकी आहे, शेवटची इनिंग उरली आहे, अशा वेळी ज्याच्या हातात चेंडू देतात तो क्लोजर. शेवटची ओव्हर कोणाला द्यायची, या प्रश्नावर आपल्याकडे लग्नं मोडायची वेळ येते, हे लक्षात घेतलं म्हणजे या पदाचं महत्त्व कळेल.

आमच्या क्लबाचा जुना क्लोजर वयाने मोठ्यांच्या टीममध्ये गेला आणि जागा रिकामी झाली. पुढच्या सीझनला क्लोजर कोण? उमेदवार दोन, ईरा आणि लुकास. लुकास सहा फूट उंच, चेंडू असा टाकतो की दिसण्याआधी ऐकू येतो. कोच युर्गन हा अत्यंत कमी बोलणारा माणूस. त्याने सांगितलं, सीझन संपल्यावर दोन मैत्रीपूर्ण सामने आहेत. एकात शेवटची इनिंग लुकास टाकेल, दुसऱ्यात ईरा. मग ठरवू.

लुकासची इनिंग पहिल्या रविवारी झाली. बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की इनिंग संपते. तीन फलंदाज आले आणि तिघेही घाईची लघवी लागल्यासारखे परत गेले. दुसऱ्या दिवसापासून ईरा शाळेतून आली की घरामागच्या भिंतीवर चेंडू आपटत बसायची. तिला ही जागा किती हवी होती ते भिंतीला कळलं, शेजाऱ्यांना कळलं आणि शेवटी मलाही कळलं.

तिच्या रविवारी ती टीमबरोबर सकाळीच निघून गेली. आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको मेधा आणि आई, मागाहून पोचलो. आईला घडीच्या खुर्चीत बसवलं, पायावर शाल दिली. सामना सुरू झाला. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती प्रत्येक चेंडूला "बरोबर आहे" म्हणत होती. शेवटच्या इनिंगला आमची टीम एका रनने पुढे होती. युर्गनने ईराला खूण केली. ती कुंपणाशेजारच्या पट्टीवर हात मोकळा करायला लागली.

तेवढ्यात आईने विचारलं, "अरे सुहास, पोरीच्या हातावर दही-साखर घातलंस ना सकाळी?"

आमच्याकडे दही-साखरेशिवाय कोणी साधं दाताच्या डॉक्टरकडेही जात नाही. दहावी, बारावी, व्हिसाची मुलाखत, इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा (तीन वेळा), सगळं दह्यावर झालेलं.

"विसरलो गं."

"मला वाटलंच," असं म्हणत आईने पिशवीतून डबा काढला. "हे घे. इथलं दही पाणचट, म्हणून साखर जरा सढळ हाताने घातलीय."

मेधा म्हणाली, "अहो आई, ती आत्ता मैदानात निघालीय."

"म्हणूनच तर आत्ता द्यायचं," आई म्हणाली.

मी डबा घेऊन कुंपणाकडे धावलो. ईराने मला पाहिलं, डबा पाहिला आणि काय होणार ते ओळखलं.

"बाबा, बिट्टे, प्लीज. नंतर."

"नंतर काय करायचंय? एक चमचा." चमचा आईने दिलेलाच नव्हता. "हात पुढे कर."

पोरीने शहाणपणा केला. डाव्या हातातला ग्लव्ह काढला आणि डावा तळहात कुंपणावरून पुढे केला. इथे जर मी गप्प बसलो असतो, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

"डाव्या हातावर दही घेतात का गं? उजवा!"

"बाबा, उजव्याने मी टाकते."

"म्हणूनच उजव्यावर."

मागे आई बघत होती. ईराने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि उजवा हात पुढे केला. मी डब्यातून भरघोस लपका तिच्या तळहातावर घातला. तिने तो चाटला, हात पॅंटला पुसला आणि पळाली. पॅंटला मैदानातली लाल माती होती. सढळ साखर, उरलेलं दही आणि माती यांचा तिच्या बोटांवर पुरणासारखा थर बसला.

पहिला चेंडू तिच्या हातातून सुटायलाच तयार नव्हता. सुटला तो थेट जमिनीत. दुसराही तिथेच. बेसबॉलमध्ये असे चार चेंडू वाया गेले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर जातो. एक गेला, पाठोपाठ दुसराही गेला. एका रनची आघाडी आणि दोन माणसं बेसवर! ईरा हात पुन्हा पुन्हा पॅंटला पुसत होती, म्हणजे थर वाढवत होती.

अंपायर होत्या एक करड्या केसांच्या, कडक इस्त्रीच्या बाई. त्यांनी खेळ थांबवला, चेंडू मागितला, तो बोटाने दाबून पाहिला. बोट चेंडूला चिकटलं. मग त्या ईराकडे गेल्या, तिचा हात उलटा-सुलटा केला आणि त्याचा वास घेतला. त्यांनी इतक्या वर्षांत बरेच हात हुंगले असतील, पण दही पहिल्यांदाच आलं असावं.

मला नंतर कळलं ते असं की पिचरच्या हाताला कुठलाही चिकट पदार्थ असणं हा या खेळातला मोठा गुन्हा. त्याने चेंडूवर पकड येते, चेंडू हवा तसा फिरवता येतो. शिक्षा म्हणजे तडक बाहेर. हे सगळ्या पालकांना ठाऊक होतं. मी मात्र सहा वर्षं घरी बाकीचं शिकवण्यात गुंतलेलो होतो.

मी कारखान्यात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो. मेधाचं म्हणणं आहे की सगळे ब्रेक मी तिथेच ठेवून येतो. त्याला पुरावा म्हणून ती पुढचा प्रसंग सांगते. मी कुंपणावरून उडी मारली आणि डब्यासकट मैदानात शिरलो.

"फ्राऊ अंपायर, हे फक्त यॉगुर्ट आहे! साखर घातलेलं. माझ्या आईने केलेलं!"

त्यांनी डब्याकडे पाहिलं. "हे तुम्ही तिच्या हाताला लावलंत?"

"लावलं नाही, दिलं. चांगलं व्हावं म्हणून देतात आमच्याकडे."

"म्हणजे तिने चेंडू चांगला टाकावा म्हणून?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" मी म्हणालो. शेवटी एका जर्मन माणसाला आपली संस्कृती समजली, याचा मला आनंद झाला होता.

मी आत्ताच, साक्षीदारांसमोर, हसतमुखाने, मुलीच्या वतीने गुन्हा कबूल केला आहे, हे सगळ्यांत शेवटी मला कळलं. युर्गनने टोपी काढून तोंडावर धरली.

आणि तेव्हा ईरा बोलली. रडवेली नाही, चिडलेली नाही. एखाद्या ऑफिसातल्या खिडकीशी उभं राहून बोलावं तसं स्वच्छ जर्मन.

"हे माझ्या आजीचं आहे. आमच्याकडे महत्त्वाच्या कामाआधी ते देतात. मी घेतलं, कारण मला ते हवं होतं. पण त्याने माझा चेंडू सुधारला नाही, बिघडला. तुम्ही सगळे चेंडू जमिनीत जाताना पाहिलेत. मला हात धुऊ द्या, चेंडू बदला. बेसवरची दोन माणसं तिथेच राहू देत. ती माझी चूक."

त्या सगळ्या जर्मनमध्ये "आजी" हा शब्द तिने तसाच ठेवला होता. चार अनोळखी माणसं भोवती, वर्षभराची इच्छा पणाला लागलेली, शेजारी बाप डबा घेऊन उभा, आणि ही पोर "ते मला हवं होतं" म्हणाली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी मैदानात उभा आहे हेच विसरलो.

अंपायरबाई विसरल्या नव्हत्या. "मुलगी हात धुईल आणि खेळेल," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून बोट लांब केलं. "तुम्ही, पार्किंगमध्ये."

पार्किंगमधून मैदान दिसत नाही, क्लबाची इमारत आड येते. मी मेधाला फोन लावला.

"काय चाललंय?"

"हात धुतलाय. तू बोलू नकोस."

मग नुसता आवाज. चेंडू ग्लव्हमध्ये बसल्याचा धप्प, आणि अंपायरबाईंची आरोळी. पुन्हा धप्प, पुन्हा आरोळी.

"एक आउट," मेधा म्हणाली.

मी गाडीला टेकलो. डब्यात उरलेलं दही मी कधी खायला लागलो मला कळलं नाही.

"दोन आउट."

मग लाकडावर चेंडू बसल्याचा खाडकन आवाज झाला, पाठोपाठ मोठा गलका. कोणाचा ते कळेना. मेधा बोलेना. मी "हॅलो, हॅलो" करत गाडीभोवती फिरत होतो. आणि फोनमध्ये दूरवरून आईचा आवाज आला, "झेलला गं! अंगावर आलेला पोरीने झेलला! बरोबर आहे!"

मी पार्किंगमध्ये एकटाच नाचलो. कचरा टाकायला आलेल्या एका आजोबांनी मला पाहून झाकण हळूच लावलं.

संध्याकाळी क्लबात सॉसेज भाजता भाजता युर्गनने निर्णय सांगितला. त्याच्या मानाने ते प्रदीर्घ भाषणच होतं.

"आल्झो, तर मग. लुकास जास्त वेगात टाकतो. पण क्लोजरचं डोकं जागेवर लागतं. लुकासचे बाबा गप्प बसून कॉफी पितात, त्यामुळे त्याचं डोकं किती टिकेल ते मला माहीत नाही. ईराचं मला आज कळलं. क्लोजर ईरा."

सगळ्यात आधी टाळ्या लुकासनेच वाजवल्या. "माझे बाबा असे आत आले असते," तो म्हणाला, "तर मी दुसऱ्या गावाला राहायला गेलो असतो."

ईरा आजीजवळ गेली, वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे आली आणि मला घट्ट मिठी मारली. कानात मराठीत म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी डावा हात." आमच्या घरात याहून मोठा करार आजवर झालेला नाही.

मी डोळे पुसत होतो, तेवढ्यात युर्गन आला. "मंगळवारी ट्रेनिंगला या," तो मला म्हणाला. मला वाटलं, क्रिकेटमधलं काहीतरी शिकवायला बोलावतोय. मी म्हटलं, नक्की येतो, पण काय करायचंय?

"आज केलंत तेच. पोरांना सवय व्हायला हवी."

तेव्हापासून दर मंगळवारी मी कुंपणापाशी उभा राहतो आणि पिचर चेंडू टाकायला लागला की डबा वाजवत ओरडतो. गेल्या मंगळवारी तर मी जीव तोडून ओरडलो, कुंपणावरही चढलो. ईराने ढुंकूनही पाहिलं नाही. चेंडू सरळ ग्लव्हमध्ये. युर्गन माझ्याकडे वळून म्हणाला, "सेअर गुट." म्हणजे फार छान. इतक्या वर्षांत ब्रेकच्या कामासाठी हे मला कोणी म्हणालेलं नाही.