साळवे मॅडम आणि टपालाचं तूप

काही माणसांबरोबर नोकरी केली की किस्से आपोआप साठत जातात. आपण मुद्दाम जमवत नाही, पण कुणी समोर चहाला बसलं की एकेक निघत राहतो. माझ्याकडचे बहुतेक साळवे मॅडमचे. नव्वदच्या दशकात त्या नगरला अन्न निरीक्षक होत्या आणि मी त्यांचा शिपाई. दूध, तेल, मिठाई, जे विकायला असेल त्याचा नमुना घ्यायचा, पंचांसमोर सील करायचा, प्रयोगशाळेला धाडायचा. बाटल्यांची पेटी माझ्या खांद्यावर.

*

राहुरी रस्त्यावर एक दूधवाला आमची जीप ओळखायचा. एका सकाळी जीप दिसताच त्यानं मोटारसायकलवरचा एक कॅन गटारात उपडा केला. दुसऱ्याला हात घालणार, तोवर मॅडम पोचल्या होत्या.

त्यांनी गटारातून वाहणाऱ्या दुधाकडे क्षणभर बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, घाई केली. चांगला कॅन वतला तुमी."

दूधवाल्याचा चेहराच सांगत होता की खरं आहे. पुढे उरलेल्या कॅनचा रिपोर्ट आला. निम्मं पाणी. नुसतं दूध वाहताना बघून बाईंना कसं कळलं, हे मला आजही समजलेलं नाही.

*

अशाच एका दुधाची केस तीन वर्षांनी कोर्टात उभी राहिली. आरोपीच्या वकिलांचा मुद्दा एकच: नमुना घेण्याआधी दूध ढवळलंच नव्हतं, साय वर राहिली, मग रिपोर्ट खोटा. मॅडमना कागद न बघता सांगायला लावलं.

मॅडम म्हणाल्या, "आरोपीच्याच मापानं ढवळलं. खूप वेळ. शेवटी तेच मला म्हणाले, बाई, लोनी काढता का काय?"

वकील काही बोलायच्या आत पिंजऱ्यातला दूधवाला मान डोलावून म्हणाला, "व्हय, म्हन्लो हुतो."

*

पाथर्डीकडच्या एका गावात हळदीच्या जेवणातून माणसं आजारी पडली. सगळी दवाखान्यातून बरी होऊन आली, पण दुसऱ्या दिवशी लग्न, आणि कुणी अन्नाला शिवेना. मॅडमनी आचाऱ्याची पितळी पातेली पालथी करून पाहिली. कल्हई उडालेली, आणि त्यातच आंबट कढी रात्रभर ठेवलेली. त्यांनी ती पातेली बाजूला काढली, दुसरी भांडी मागवली आणि चुलीपाशी उभं राहून सगळा स्वयंपाक नव्यानं करून घेतला.

तरी पंगत रिकामी. नवरीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. तेव्हा मॅडम चप्पल काढून पहिल्या पानावर बसल्या. वाढा म्हणाल्या.

हळूहळू सगळं वऱ्हाड बसलं. मीही बसलो. खरं सांगतो, मी मॅडमचा पहिला घास पोटात जाऊ दिला, मगच पोळी मोडली.

*

आणि आता तुपाचं.

पेपरात छोटी जाहिरात यायची. घरगुती शुद्ध तूप, मनिऑर्डर करा, डबा टपालानं घरपोच. हल्ली लोक फोनवर मागवतात तसंच, ना दुकान दिसतं ना दुकानदार. पत्ता शेवगावजवळच्या एका गावाचा. एका गिऱ्हाइकानं तक्रार करून डबा आमच्याकडे आणून दिला. मॅडमनी टेबलावरच तपासलं. परीक्षानळीत ॲसिड आणि साखर घालून तूप हलवलं, तर खाली गुलाबी रंग उतरला. म्हणजे डालडा. पण उघडा डबा कोर्टात चालत नाही.

म्हणून मॅडमनी स्वतःच्या नावानं, घरच्या पत्त्यावरून मनिऑर्डर केली. फॉर्मखालच्या निरोपाच्या कुपनावर दोन ओळी लिहिल्या: लेक बाळंतपणाला आली आहे, शुद्धच पाठवा.

पंधरा दिवसांनी पोस्टमन आला. डबा नव्हता. पैसे परत आले होते, आणि कुपनावर वाकड्या अक्षरात लिहिलं होतं:

"ताई, बाळंतिनीला हे तूप देऊ नका. गावातलं लोनी घेऊन घरी कढवा."

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग कुपन फाईलला लावलं आणि जीप काढायला सांगितली.

पत्रा घातलेलं दोन खोल्यांचं घर होतं. पन्नाशीचा माणूस ओसरीवर डब्यांना लेबलं चिकटवत बसला होता. मॅडमनी ओळख सांगितली आणि त्याच्यापुढे त्याचंच कुपन धरलं. त्यानं ते वाचलं. पळाला नाही, हात जोडले नाहीत. आत गेला, सगळे डबे एकेक करून बाहेर आणले, ओळीनं मांडले.

मग मॅडमकडे बघून त्यानं विचारलं, "लेक कशी हाय आता?"

मॅडमचं लग्नच झालेलं नव्हतं. त्यांनी हातातलं कुपन परत फाईलला लावलं.

"बरी हाय," मॅडम म्हणाल्या, आणि पंचांना पुढे बोलावलं.