बर्फावर भंडारा

आई गेली तेव्हा माझे व्हिसाचे कागद अडकलेले होते. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. डेन्व्हरच्या घरात बसून मी फोनच्या स्क्रीनवर तिला शेवटचं पाहिलं, आणि त्या दिवसापासून खंडोबाशी बोलणं टाकलं. तो आमचा कुळस्वामी. आईचं त्याच्यावाचून पान हलत नसे. नास्तिक वगैरे मी झालो नाही. नास्तिकाला भांडायला कुणी उरत नाही, आणि मला तर भांडायचंच होतं. देव्हाऱ्यातला त्याचा टाक मी हलवला नाही, फक्त रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून कॉफी प्यायचो. अशी तीन वर्षं काढली.

मला ओळखणारे सांगतील, की हा माणूस बोटभर मासा पकडतो आणि मगर पकडल्याचं सांगतो. खोटं नाही ते. तेव्हा पुढे जिथे शंका येईल तिथे निम्मं वजा करा. एका जागी मात्र करू नका. ती जागा आली की मीच सांगेन.

त्या वर्षी चंपाषष्ठी शनिवारी आली होती. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाची तळी होती आणि भंडारा आमच्याकडून जायचा होता. सासूबाईंनी जेजुरीहून आणलेली चार किलोची पिशवी वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, पहाटे डिकीत ठेवली. "जाता जाता हॉलवर देऊन जा. काकू थांबल्यायत तिथे," ती म्हणाली. मी हो म्हटलं. सगळ्यांना मी विसरलो असंच सांगितलं, पण विसरलो नव्हतो. हॉलचं वळण आलं आणि मी ते घेतलं नाही. त्याचा उत्सव माझ्या डिकीतल्या पिशवीपायी अडला तर अडू दे, असा एक वाईट, खोडकर आनंद मला झाला.

माझ्या गाडीत शेजारी मिलिंद होता, ऑफिसातला, पुण्याचा. मागे आपली गाडी घेऊन नागपूरचा संदीप. बर्फातल्या डोंगरवाटांवर गाड्या घालायचं वेड आम्हा तिघांना सारखंच, अक्कल मात्र एकट्या मिलिंदला. दुपारनंतर बर्फ आहे, बाराला परत फिरू, असं तो तीनदा म्हणाला. "बर्फ मला बघून थांबतो," मी म्हणालो. खिंडीतून परत निघायला दोन वाजवले.

तासभर असा बर्फ पडला, की वरून कुणी कापसाची गोदामं उलटी करत होतं. मग तो थांबला आणि ढगच खाली येऊन बसला. त्यानंतर जे झालं ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. खाली पांढरं, वर पांढरं, सावली नाही, चढ-उतार नाही. वाट एका गाडीपुरती, डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला सरळ दरी. वाट कुठे संपते आणि दरी कुठे सुरू होते ते दिसेना. येतानाच्या चाकोऱ्या बुजल्या होत्या. गाडी वळवायला जागा नव्हती, फोनला रेंज नव्हती. उजेड तासाभराचा होता, आणि तिथे रात्र काढली असती तर सकाळी आम्हाला उचलायलाच कुणीतरी आलं असतं.

"मुलीचा वाढदिवस आहे उद्या," मिलिंद एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चालत पुढे जाऊन वाट चाचपायची म्हणून मी फावडं काढायला डिकी उघडली. फावड्यावर ती पिशवी बसली होती, ऐटीत. माझं डोकंच फिरलं. पिशवी फाडली, गाडीच्या पुढे आलो, मूठ भरली आणि समोरच्या त्या पांढऱ्यावर फेकली, एखाद्याच्या तोंडावर फेकावी तशी.

ही ती जागा. इथे काही वजा करू नका. अर्धा भंडारा माझ्या पायापुढे बर्फावर पडला, पिवळाधमक. उरलेला अर्धा पडलाच नाही. तो खाली गेला आणि दिसेनासा झाला. मी पुढचं पाऊल टाकणार होतो ते तिथेच.

"हे काय करून राहिला बे?" मागून संदीप ओरडला.

मिलिंदने काच खाली केली. "अरे, दिसतंय यार. पिवळं दिसतंय. टाक, अजून टाक."

गाडी ओढायचा पट्टा कमरेला बांधून त्यांनी मला बंपरला जोडलं, बैलासारखं. मी फावड्याच्या दांड्याने जमीन चाचपायची, घट्ट लागली की चिमूट टाकायची, आणि त्या पिवळ्या रेघेवर मिलिंदने माझी गाडी आणायची, मागोमाग संदीपने त्याची. दर चिमटीला मिलिंद "येळकोट" म्हणायचा. खंडोबा कोण हे नीट माहीत नसलेला संदीपसुद्धा म्हणायला लागला. मी ओठ मिटून होतो. शरण जाणं म्हणजे मान तुकवणं, असं मला वाटायचं, आणि माझी मान ताठच होती. पण मूठ आवळून भंडारा पडत नाही. ती दर पावलाला उघडावी लागत होती. मी उघडत होतो, चरफडत, रागाने, आणि कधी रडायला लागलो ते मला कळलं नाही. वाट मैलभराची होती. लोकांना मी तीन मैल सांगतो.

खाली पार्किंगला पोचलो तेव्हा अंधारत होतं. मिलिंद घरी फोन लावत दूर गेला. आम्ही पट्टा सोडतोय तोवर वरून एक जुना पिकअप ट्रक हळूहळू उतरला. चाकं पिवळी झालेली. सत्तरीचं एक अमेरिकन जोडपं होतं. आजोबा स्टिअरिंग धरूनच बसून राहिले. आजी उतरल्या, माझ्या पिवळ्या हातांकडे आणि पिवळ्या दाढीकडे पाहत म्हणाल्या, "आम्ही वर आशा सोडली होती. मग ती रेघ दिसली. रस्ता कुणी आखला?"

आयुष्यात न केलेल्या गोष्टी मी केल्या म्हणून सांगत आलोय. इथे तर हात रंगलेले होते. पण 'मी' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"आमच्या गावाकडचे एक आहेत," मी म्हणालो. "घोड्यावर असतात."

त्यांनी डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्यांना थँक यू सांग आमचं."

सांगतो म्हणालो. गाडीत बसलो, दार लावलं, आणि आधी खंडोबाला आजींचा निरोप दिला. मग आईबद्दल जे विचारायचं होतं ते विचारलं, मोठ्याने, तक्रारीच्या सुरातच. उत्तर आलं नाही. मी मात्र, मिलिंद शेजारी येऊन बसला तरी, घर येईपर्यंत बोलत होतो.