सुमनच्या खोलीचा पाया

निखिलचा, माझ्या मैत्रिणीच्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. चहा तसाच ओट्यावर ठेवून मी दादरहून टॅक्सीने परळला गेले. उषा झोपेतच गेली होती. चेहरा किती शांत आहे, असं जमलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या. मला तो फक्त दमलेला दिसला. कामावरून आलेली बाई खोचलेला पदरसुद्धा न सोडता जरा आडवी होते ना, तसा. प्रज्ञा, तिची सून, उशाशी बसून ओल्या फडक्याने तिची नखं पुसत होती. नखांच्या कडांत सिमेंट बसलं होतं आणि ते काही केल्या निघत नव्हतं.

ते सिमेंट कसलं, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक होतं. पासष्टी उलटलेली बाई घरामागे खड्डे खणत बसली आणि जिवानिशी गेली, अशी कुजबुजही कानावर आली. त्या दिवशी कोणाला काही समजावून सांगण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. आज काही आठवडे उलटून गेलेत, म्हणून लिहितेय.

उषा आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी शेजारी बसायचो. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी, आणि दोन कॉलच्या मधल्या फटीत आमच्या गप्पा. ती मालवणकडची, लग्न होऊन परळला आली. सासरे गिरणीत होते, नवरा मधुकर बँकेत. आणि मधुकरची धाकटी बहीण सुमन. उषा लग्न होऊन आली तेव्हा सुमन कॉलेजात जात होती, वहिनीच्या वेण्या घालायची, तिच्या साड्या नेसून मिरवायची. मग तिला कसले कसले आवाज ऐकू यायला लागले. दोन-तीन वर्षं घरातच औषधं, नवस, डॉक्टर, पुन्हा औषधं... एकदा ती नेसत्या वस्त्रानिशी निघून गेली आणि शीव कोळीवाड्यात कोणाच्या तरी ओसरीवर सापडली. त्यानंतर मधुकरने तिला मुंबईबाहेरच्या एका मनोरुग्णालयात ठेवलं. थोड्या दिवसांसाठी म्हणून ठेवलेली सुमन तिथेच म्हातारी झाली.

मधुकरला तिला भेटायला जाणं सोसायचं नाही. उषा मात्र जायची. दर महिन्याला, खोबरेल तेलाची बाटली आणि काहीतरी गोड घेऊन. मधुकर वारला तरी तिचं जाणं थांबलं नाही. मी एकदा विचारलं, "अगं, ती तुला ओळखते तरी का?" तर म्हणाली, "न ओळखायला काय झालं? मागच्या खेपेला म्हणाली, वहिनी, लाडू कडक झालेत, हात बिघडला तुझा."

गेल्या दिवाळीनंतर तिथल्या डॉक्टरांनी उषाला बसवून सांगितलं की सुमन कित्येक वर्षं स्थिर आहे, गोळ्या वेळेवर घेते, कोणी नेणारं असेल तर ती घरी राहू शकेल. उषाने बाहेर येऊन सुमनला विचारलं, "येशील घरी?" सुमन म्हणाली, "तिथे माझ्या खोलीत किती जणी झोपतील?" उषा म्हणाली, कोणी नाही, तू एकटीच. आणि परतीच्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो. घर दोन खोल्यांचं. त्यात ती, निखिल, प्रज्ञा आणि नात.

घरात वाद झाला, आणि तो कोणाच्या दुष्टपणातून झाला असं मी म्हणणार नाही. प्रज्ञा म्हणाली, "आई, घरात लहान मुलगी आहे. मला भीती वाटते, आणि ती मी लपवणार नाही." उषाने ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला. "शैले, लाकडी खोल्या मिळतात ना गं? बागेत ठेवतात तसल्या?"

तिचं घर तळमजल्यावर आणि इमारतीच्या मागे जमिनीची एक पट्टी होती. तिच्या सासऱ्यांनी तिथे चिकू, कढीपत्ता, तगर लावली होती. जागा सगळ्यांची, पण मच्छरांमुळे तिकडे कोणी फिरकत नसे. उषा मजल्यामजल्यावर जाऊन प्रत्येकाच्या दारात उभी राहिली. लोक बरे निघाले. सेक्रेटरी म्हणाले, "विटांची भिंत नको, स्लॅब नको. उद्या काढता येईल असं लाकडाचं काय ते करा." तिने खोलीची ऑर्डर देऊन टाकली. भिंतींचे तयार भाग सुतार आणून जोडणार होता. पाया मात्र आपणच तयार ठेवायचा होता.

मला वाटलं होतं, जमीन सारखी करून चार फरश्या टाकल्या की झालं. पण परळला पावसात पाणी कुठपर्यंत चढतं हे उषाने आयुष्यभर पाहिलेलं होतं. लाकूड जमिनीला टेकलं की एक तर ते कुजणार, नाहीतर वाळवी लागणार. म्हणून खाली काँक्रीटचे बुटके खांब, त्यांच्या डोक्यावर डांबरी कागद, त्यावर लाकडी चौकट आणि चौकटीवर खोली, असं तिने सुताराशी बोलून ठरवलं. थंडीच्या दिवसांत आम्ही खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्या. माझ्याकडे दोरीचं एक टोक. कोपरे काटकोनात आलेत का ते पाहायला समोरासमोरचे कोपरे तिरके मोजायचे. दोन्ही मापं सारखी भरली पाहिजेत. ती भरायची नाहीत. खुंटी उपटायची, बोटभर सरकवायची, पुन्हा मोजायचं. माझी कंबर बोलायला लागली की ती म्हणायची, "बस गो थोडा. जमीन खंय पळान जाता?" आणि मला बसवून स्वतः मात्र वाकलेलीच.

खणायला एक गवंडी आणि त्याचा जोडीदार आणला होता. वरची माती गेली आणि खाली लागली राख. काळी, भुसभुशीत, मधूनमधून जळक्या कोळशाचे खडे. जुन्या गिरण्यांची राख त्या भागात भरावाला टाकत असत, असं सासरे सांगायचे, ती म्हणाली. गवंडी म्हणाला, "लकडी का घर है माँजी, इतना बस है." उषा म्हणाली, "नहीं भैया, अभी पोकळ लगता है. और नीचे जाव." घट्ट जमीन लागेपर्यंत तिने खणायला लावलं. मग त्या खड्ड्यांत दगड बसवले, मुरूम पसरला, धुमसाने ठोकून ठोकून दाबला. माणसं जेवायला गेली की ती स्वतः धुमस उचलायची. दोन ठोके झाले की छातीवर हात ठेवून उभी. मी ओरडले. तिने माझं ऐकलंही, माझ्याबरोबर डॉक्टरकडे आली. हृदय थकलंय म्हणाले, गोळ्या दिल्या, जड काम बंद सांगितलं. तिने धुमस सोडला आणि सगळे खांब एका पातळीत येतील का ते पाण्याच्या नळीने बघायचं काम धरलं. "हे काय जड नाही," म्हणाली. पायाला सूज, श्वास अपुरा, आणि डोळे त्या नळीतल्या पाण्याच्या रेषेवर.

एकदा तिथे चिकूखाली बसलो असताना मी तिला विचारलं, "उषा, तुझी रक्ताची कोणी नाही ती. का एवढं?" तिने हातातली माती झटकली. मग म्हणाली, "मला नाही गं एवढं कळत. तिला तिथे सोडलं त्या दिवशी मी गाडीत होते. ती काचेतून हात करत होती, आपण फिरायला आलोय असं समजून... मी आता फार दमलेय शैले. एवढं झालं की मी झोपणार आहे."

खांब ओतून झाले. आता त्यांच्यावर ओली गोणपाटं घालायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. ते काम चालू असतानाच एका सकाळी ती उठली नाही.

तेराव्याला नातेवाईक जमले होते. जेवणं आटोपल्यावर कोणीतरी म्हणालं, आता त्या सुमनचं कशाला काढायचं, ती तिथे ठीक आहे. निखिल थकून गेला होता. माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, मी सुताराला नको म्हणून कळवतो. आई होती म्हणून हे सगळं. मला नाही झेपणार." मला स्वतःलाच बसल्या जागेवरून उठवत नव्हतं. तरी जाण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून मागच्या दाराने पट्टीत गेले. इतक्या दिवसांत ते काँक्रीट तडकून गेलं असणार असं मनात धरूनच गेले. गोणपाटं ओली होती. चिंब. आणि प्रज्ञा, कार्याच्या साडीचा पदर खोचून, बादलीतून तांब्याने एकेका खांबावर पाणी घालत होती.

"तू घालतेस होय?" मी विचारलं.

"आईंनी सांगितलं होतं, एक दिवसही सुकू द्यायचं नाही."

"पण तुला तर..."

"नकोच होतं," ती म्हणाली. "अजूनही भीती वाटतेच मला. पण त्या इतक्या मरमर करून हे... याला तडे गेलेले मला नाही बघवणार." तिने तांब्या बादलीत टाकला आणि निखिल दारात येऊन उभा राहिला होता त्याच्याकडे वळली. "सुताराला नको म्हणू नकोस. येऊ दे त्याला."

निखिल आत गेला. पण त्याने फोन केला नाही.

सुतार आला, चौकट बसली, भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रा आला. खोली जराही हलली नाही की कलली नाही. आणि गेल्या आठवड्यात आम्ही तिघं सुमनला आणायला गेलो. पांढऱ्या केसांची, किरकोळ बाई, मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसलेली. आमच्यामागे कोणी येतंय का ते ती बघत राहिली. "वहिनी नाही आली?" निखिलने तिच्या शेजारी बसून जसं होतं तसं सांगितलं. तिने पिशवीचे बंद सोडले, पुन्हा बांधले. मग म्हणाली, "मग मला कोण नेणार?"

"मी," प्रज्ञा म्हणाली.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. सुमनने भिंतींना हात लावून पाहिला, खिडकी उघडली, मिटली. मग दारापाशी आली आणि दाराची बाहेरची बाजू वरपासून खालपर्यंत निरखत राहिली. तिथे काहीच नव्हतं. ना कडी, ना कोयंडा. निखिल मला हळूच म्हणाला, "सुतार विचारत होता, बाहेरून कुलपाची सोय का नको. आईने म्हणे ऑर्डर देतानाच बजावलं होतं, या दाराला कडी फक्त आतून."

आम्ही काही समजावून सांगायच्या आत सुमन आत गेली. दार लोटलं गेलं. कडी सरकल्याचा आवाज झाला, मग निघाल्याचा. पुन्हा सरकल्याचा, पुन्हा निघाल्याचा... कितीतरी वेळ. आम्ही तिघं चिकूखाली उभे होतो. प्रज्ञाने डोळ्यांना पदर लावला होता. शेवटी एकदा कडी लागली, खाट करकरली आणि मग आतून काही आवाज आला नाही.