अपडेटभाऊचं घर विकणे आहे

प्लॉटच्या धंद्यात माणूस काम कमी करतो आणि वाट जास्त पाहतो. पार्टी येणार म्हणून वाट, साहेब जेवून येणार म्हणून वाट, सर्व्हर चालू होणार म्हणून वाट. वाट पाहता पाहता किस्से जमतात. रजिस्ट्री ऑफिससमोरच्या आमच्या टपरीवर एवढे जमले आहेत, की लेआऊट पाडून विकायला काढले तरी संपणार नाहीत. पूर्वी घरी गेलो की मी ते बायकोला, मंदाला सांगायचो. ती भाजी निवडत ऐकायची आणि म्हणायची, "तुम्ही लोक धंदा कधी करता हो?" आता मंदा नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मागून कोणी म्हणू नये. घर-प्लॉटची दलाली करायची तर रेरा कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीला मुदत असते. माझी यंदा संपत होती. ती रिन्यू करून यवतमाळात राहायचं, की सोडून द्यायची, घर विकायचं आणि पुण्याला भाच्याकडे जायचं, हे मला ठरवायचं होतं. भाचा चांगला आहे. "मामा, याच तुम्ही. एक खोली रिकामीच आहे. फक्त ट्रेडमिल आहे, ते सरकवू," म्हणाला. इथे एकट्याला जेवण जात नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की घर आणखीच रिकामं वाटायचं. मी ठरवलं, जायचं.

टपरीवर सांगितलं तेव्हा शेजारी गोविंद राठोड बसला होता. हा महागाव तालुक्यातल्या बंजारा तांड्याचा. याचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे, हा मोटरसायकलवर पार्टी लादून फिरतो. त्याने आणखी एक चहा मागवला आणि तोही माझ्याकडेच सरकवला.

* * *

माझं खरं नाव टपरीवर कोणी घेत नाही. मी अपडेटभाऊ. वडील कोर्टात कारकून होते, त्यामुळे परिपत्रक दिसलं की वाचल्याशिवाय मला राहवत नाही. दलालांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर मी नवे नियम आणि मुदती टाकत असतो. वाचत कोणी नाही, पण मी टाकतो. सकाळी उठून कोणाला तरी काहीतरी सांगितल्यासारखं होतं.

एकदा भल्या सकाळी मोठा मेसेज टाकला. वर ठळक अक्षरात 'शेवटची तारीख', खाली रिन्यूअलचे सगळे नियम. पहिलं उत्तर बबन ढोलेचं आलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याचं पाहून बाकीच्यांनी धडाधड हात जोडले. थोड्या वेळात राठोडचा फोन. "भाऊ, कोण गेलं? मी पांढरे कपडे घालून तयार हाओ."

"अरे बाप्पा, कोणी नाही गेलं. मेसेज वाच न."

"मंग कपडे बदलू का?"

हसा तुम्ही. मंदा गेली त्या दिवशी याच ग्रुपवर मी दोन ओळी लिहिल्या होत्या. मिनिटभरात त्यांच्याखाली कोणीतरी टाकलं, "अर्जंट विकणे. कॉर्नर प्लॉट, पूर्वमुखी." त्या माणसाचा दोष नाही. त्याने वर पाहिलंच नसेल. पण ते दोन मेसेज एकाखाली एक, मी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो. नंतर टपरीवर गेलो तेव्हा त्या प्लॉटचाच विषय चालू होता, आणि मीही त्यात बोललो. काय करणार?

* * *

मग नियम आला, जाहिरातीवर क्यूआर कोड पाहिजे. स्कॅन केला की लेआऊटची सगळी माहिती मोबाईलवर दिसली पाहिजे. मी ग्रुपवर टाकलं, टपरीवर वाचून दाखवलं, समजावून सांगितलं.

हमीदभाई आमच्यातले सगळ्यात जुने. मान हलवत ऐकून घेतलं आणि चार दिवसांत चौकात झकपक फ्लेक्स लावला. खाली हा मोठा क्यूआर कोड. मी खुश झालो. म्हटलं, चला, एक तरी माणूस सुधारला.

दुसऱ्या दिवशी हमीदभाई स्वतःच विचारात पडलेले. "अपडेटभाऊ, ये क्या नियम है? लोगां प्लॉट देखने नहीं आ रे, मेरे को पैसे भेज रे."

जाऊन पाहिलं तर फ्लेक्सवर यांनी आपल्या फोन-पेचा कोड छापलेला. लोक स्कॅन करायचे, समोर रक्कम टाका म्हणून यायचं. बहुतेक जण वैतागून निघून जायचे. एका रिटायर गुरुजींनी मात्र शकुनाचे अकरा रुपये पाठवले होते. हमीदभाई त्या गुरुजींना शोधत घरी गेले, पैसे परत दिले, चहा प्यायले, आणि येताना गुरुजींच्याच घराचा वरचा मजला भाड्याने देण्याचं काम घेऊन आले.

मी म्हटलं, "हमीदभाई, फ्लेक्स बदला."

"कायकू? चल रा न अच्छा."

* * *

आता राठोडची गोष्ट. रजिस्ट्रीत दस्त करताना, विकणारा आणि घेणारा हेच ते, असं सांगायला दोन माणसं लागतात. साहेब विचारतात, "यांना ओळखता का?" ती दोघं म्हणतात, "हो साहेब, वैयक्तिक ओळखतो," आणि सही करतात. खेड्यावरून आलेली पार्टी अशी माणसं कुठून आणणार? मग आम्हीच उभे राहतो. राठोड यात पटाईत. चहाच्या आधी ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याला चहानंतर तो वैयक्तिक ओळखतो. मी नियम सांगून सांगून थकलो. "भाऊ, मानूसच हाय न तो? मंग मानसाले मानूस ओळखते," असं त्याचं उत्तर.

तर एकदा आम्ही बाभुळगावला लेआऊट पाहायला गेलतो. स्टँडवर पोलिसांनी दोन पोरं धरली होती. गाडीला कागद नाहीत, नाव एक सांगतात, गाव दुसरंच सांगतात. हवालदाराने सहज मागे वळून बघ्यांना विचारलं, "या दोघांना कोणी ओळखतं का?"

राठोड गर्दीतून एक पाऊल पुढे गेला. "हो साहेब. वैयक्तिक ओळखतो."

मी त्याचा शर्ट ओढेपर्यंत उशीर झाला होता. दुपारभर आम्ही ठाण्यात. तो पुन्हा पुन्हा सांगतोय, मी नाही ओळखत, आणि हवालदार म्हणतोय, "आता मुकरू नका." शेवटी त्या पोरांच्या मामाने येऊन सगळ्यांना सोडवलं, आम्हालाही. बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "कायले बोलला तू?"

"भाऊ, कोनी तसं विचारलं का मह्या तोंडातून 'नाही' निंघतच नाही."

परत येताना तो त्या पोरांची काळजी करत होता. मामा चेहऱ्यावरून मारकुटा वाटला म्हणे.

* * *

पुढची मुदत परीक्षेची होती. परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र नसेल तर नोंदणी रिन्यू होणार नाही. टपरीवर शोककळा. शाळा सोडून यांना जमाना झालेला. मी पहिल्या झटक्यात पास झालो. अमरावतीच्या सेंटरबाहेर फोन हातात धरून उभा राहिलो, आणि लावावा कोणाला हे सुचेना. शेवटी ग्रुपवर टाकलं. अंगठे आले.

राठोडला मात्र शिकवावं लागलं. संध्याकाळी तो माझ्या घरी यायचा. त्याची बायको डब्यात भाकरी आणि ठेचा द्यायची, दोघांना पुरेल एवढं. स्वयंपाकघरात मंदाच्या ओट्याशी बसून आम्ही कायदा पाठ करायचो. मी विचारायचो, "प्रकल्पात काही दोष असेल तर ग्राहकाला केव्हा सांगायचा? बुकिंगच्या आधी, ताबा देताना, की त्याने विचारल्यावर?"

तो बराच विचार करून म्हणायचा, "'पार्टीले हार्ट अटॅक येनार नाही अशा बेतानं' हा पर्याय काहून नाही यात?"

"बुकिंगच्या आधी, राठोड. सगळे दोष. लपवायचं काही नाही."

"सगळे? मंग घर इकीन कोन?"

खरं सांगतो, मंदा गेल्यानंतर त्या घरात मोठ्याने हसणं तेव्हाच झालं. तो पास झाला. सेंटरच्या पायरीवरूनच त्याने तांड्यावर आईला फोन लावला. त्यांच्या गोरबोलीतलं मला 'याडी' म्हणजे आई एवढंच कळलं, आणि 'पास'. बाकी तो रडत होता की हसत होता तेही नीट समजलं नाही. मला खूप आनंद झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दोन ताटं घेतली, आणि मग आठवलं, आता तो कशाला येणार? एक ताट परत ठेवलं. तेव्हाच मी पुण्याला फोन करून सांगितलं, ट्रेडमिल सरकव.

* * *

घर विकायला अर्थातच राठोडला दिलं. दुसऱ्या कोणाला दिलं असतं तर तो माझ्याशी बोलला नसता. त्याने पार्ट्या तर भराभर आणल्या. नवरा-बायको यायचे, घर पाहून खुश व्हायचे. हवेशीर आहे, अंगणात कडुनिंब आहे, बाजार जवळ आहे. आणि तिथून पुढे राठोड सुरू व्हायचा.

"उन्हाळ्यात नळाची आशा सोडून द्या. मांगच्या भितीले ओल हाय, हे पाहा, हात लावून पाहा. वरच्या खोलीत दुपारी बसलं का मानूस पापडावानी भाजते. शेजारी कूलर लावते तं इथं झोप लागत नाही. अन या घरातली बाई लय चांगली होती. तिच्या मांगं या घराचं मन लागत नाही."

पार्टी चप्पल घालायची.

मी भडकलो. मी लवकर भडकतो, मंदा म्हणायची तेही. "तू माह्यं घर विकून राह्यला का बदनाम करून राह्यला?"

"नियम हाय न भाऊ. बुकिंगच्या आंधी, सगळे दोष. तुमीच पाठ करून घेतलं." आणि लगेच, जणू काही विषयच दुसरा, "तुमचं रिन्यूअल भरलं का? तारीख जवळ आली."

"मी जाऊन राह्यलो पुण्याला. मला कशाला पाहिजे रिन्यूअल?"

"नाही, म्हटलं सगळ्यायले तुमी आठवन देता. तुमाले कोन देईन?"

वीस वर्षं गप्पा मारत गळकी घरं चांगली म्हणून विकणारा माणूस माझ्याच घराच्या वेळी खरं बोलायला लागला, याचा मला संताप आला. मी त्याच्याकडून काम काढून हमीदभाईंना दिलं. हमीदभाईंनी मुकुटबनचे एक शिक्षक आणले. नवरा-बायको साधी होती. ओल दाखवली तर शिक्षक म्हणाले, "असू द्या, आमच्याकडे पण आहे." सौदा पटला. राठोडला मी निरोप पाठवला, झालं गेलं विसरून जा, ओळखीला तूच उभा राहा. आला बिचारा. इस्त्रीचे कपडे घालून आला.

* * *

रजिस्ट्रीत साहेब नवीन बदलून आलेले. आम्हाला कोणालाच चेहऱ्याने ओळखत नव्हते. दस्त तयार होता. एका बाजूला शिक्षक आणि त्यांची बायको, दुसऱ्या बाजूला मी. ओळख पटवायला राठोड आणि हमीदभाई. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांच्या वेळी उभा राहिलो, आज सही माझी होती. पण मी मनाला म्हटलं, आता मागे वळायचं नाही, घरात तरी कोण आहे.

साहेबांनी दस्त चाळला. चष्म्यावरून राठोडकडे पाहिलं. माझ्याकडे बोट केलं.

"घर विकणारे हे. यांना ओळखता का?"

राठोडने माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, डोक्यापासून चपलेपर्यंत.

"नाही साहेब."

मला वाटलं, गंमत करतोय. साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही साहेब. पाहेल नाही कधी."

"अरे राठोड," मी म्हटलं, "काय बोलून राह्यला तू?"

"पाहा साहेब, नाव कुठून तरी समजलेलं दिसते यायले."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि हमीदभाईंकडे वळले. मला जरा धीर आला. सौदा हमीदभाईंचा, पार्टी हमीदभाईंची, कमिशन हमीदभाईंचं.

"तुम्ही ओळखता ना यांना?"

हमीदभाईंनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून मला पाहिलं.

"मैं तो आज पहली बार देख रा, साब."